संध्याकाळची कॅप्सूल

आत्या,

परवा नागपूरहून तुझ्या औषधाच्या ट्रायलच्या मॅडमचा फोन आला. तुझ्याबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "डबीत उरल्या असतील तेवढ्या कॅप्सूल परत पाठवाल का? मोजून नोंद करावी लागते." मी हो म्हटलं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे डबी होती. मोजल्या. एकोणीस. म्हणजे शेवटचे साडेनऊ दिवस. त्या दिवसांत तुला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेल्यावर बी हजेरी घेऊन राह्यले का हे लोक?"

डबीबरोबर डायरीचं कार्डही पाठवायचं आहे. तारीख, सकाळचा चौकोन, संध्याकाळचा चौकोन, आणि काही त्रास झाला तर तो लिहायला एक ओळ. औषध तू घेत होतीस, पण पहिल्या दिवसापासूनची सगळी कार्डं माझ्या अक्षरात आहेत. आणि तुला-मला दोघींना माहीत आहे की सुरुवातीच्या कार्डांवर दीड महिन्याच्या खुणा खोट्या आहेत. त्याबद्दल आपलं भांडण एकदाच झालं, तेही पुरं झालं नाही. ते पुरं करायला मी आज बसले आहे. तुझं म्हणणं मला पाठ आहे, त्यामुळे तू नसल्याने फार अडणार नाही.

तुझा खोकला सुरू झाला तेव्हा तू कापसाच्या वेचणीत होतीस. आधी धूळ म्हणालीस, मग थंडी. मग सहा महिने टीबीची औषधं झाली, कारण आपल्याकडे खोकला आणि वजन घटणं म्हटलं की पहिलं टीबीच म्हणतात. बाबा तुला नागपूरला घेऊन गेले तोवर तुला महागावच्या स्टँडपासून घरापर्यंत चालताना दोनदा बसावं लागत होतं. विडीला, तंबाखूला कधी हात न लावलेली बाई, आणि फुप्फुसाचा कॅन्सर. बाबा सुन्न झाले. तू मात्र ओपीडीतल्या बाकावर बसून सगळ्यांच्या चौकशा करत होतीस. शेजारच्या बाईने गाव विचारलं आणि तू यवतमाळ जिल्हा म्हणताच तिने तोंड पाडून मान हलवली. त्या काळात आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं की सगळेच तसं तोंड करत. पेपरात रोज कापसाच्या आणि मरणाच्या बातम्या होत्या.

"अरेरे," ती म्हणाली, "कर्जाचं फार आहे ना तुमच्याकडे?"

"नाई वं बाई," तू म्हणालीस, "मले कॅन्सरच आहे. तेवढाच."

सोबत आलेली मी तोंडावर ओढणी धरून हसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं, की जणू नागपूरला येण्याचं काम झालं.

माझी परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. बाबांना पुसदच्या ऑफिसातून दर तीन आठवड्यांनी सुटी मिळेना. म्हणून मी तुझ्याकडे राहायला आले. मला इंग्रजी वाचता येतं हे कारण सांगितलं गेलं. मला परक्यांशी बोलता येत नाही हे कुणी म्हणालं नाही. दवाखान्यात खिडकीशी जाऊन नंबर कधी लागणार एवढं विचारायलाही मी धजायचे नाही. मग खोकत, पदर सावरत तूच उठायचीस आणि विचारून यायचीस. पेशंट कोण आणि सोबतीला कोण, हे पाहणाऱ्याला कळत नसेल.

डॉक्टरांनी समजावलं तो दिवस आठवतो. गाठीचा तुकडा तपासून आला होता. ते म्हणाले, गाठीतल्या पेशींमध्ये एक जनुक तुटून उलटं जोडलं गेलंय, त्यामुळे त्या पेशींना सारखा वाढण्याचा हुकूम मिळतो. एक नवं औषध आहे, ते नेमका तेवढाच हुकूम बंद करतं. त्याची चाचणी चालू आहे. तू यातला एकच शब्द पकडलास.

"जनुक म्हंजे रक्तातलं न? घराण्यातलं?"

"तसं..."

"मंग ह्या पोरीले तपासा आधी. माह्या भावाची आहे. नाक पाहा तिचं, माह्यंच आहे."

डॉक्टर हसले. म्हणाले, हा आजार जनुकाचा असला तरी वंशातून आलेला नाही, ती मोडतोड फक्त गाठीत झालीय, भाचीला काही होत नाही. तू त्यांच्याकडून हे दोनदा वदवून घेतलंस. आणि मग म्हणालीस, "बरं, आता माह्यं सांगा."

संमतीचा फॉर्म मराठीत होता. तो आपल्या दोघींनाही कळला नाही. 'यादृच्छिकीकरण' हा शब्द मी तीनदा वाचला. "हे कोणत्या गावचं मराठी वं?" तू विचारलंस. शेवटी मी मॅडमकडे इंग्रजी फॉर्म मागितला. मागितला म्हणजे तू मागितलास. तो वाचून मी तुला माझ्या मराठीत सांगितलं: नवी कॅप्सूल नेहमीच्या औषधापेक्षा खरंच चांगली आहे का ते पाहायचं आहे, म्हणून निम्म्या लोकांना ती मिळेल आणि निम्म्यांना नेहमीचं औषध सलाईनमधून. कुणाला काय, ते संगणक ठरवणार, डॉक्टरसुद्धा नाही. सलाईनवाल्यांची गाठ वाढली तर त्यांनाही नंतर कॅप्सूल मिळेल.

"वाढल्यावर कायले?" तू म्हणालीस. "आंधीच द्या न."

"आधी दिली तर कोणतं औषध चांगलं ते कसं कळणार?"

तू फॉर्मवर सही केलीस. तुझी सही म्हणजे पटणं नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच दिवशी रुक्माबाईंनीही सही केली. ढाणकीच्या रुक्माबाई, चाळिशीच्या, तुझ्यासारखाच आजार, तीच मोडतोड. त्यांच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान, मुलगी दहावीत. आपल्याच गाडीने आल्या होत्या. त्या उमरखेडला बसायच्या, आपण महागावला. संगणकाने तुला कॅप्सूल दिली आणि त्यांना सलाईन. त्यांनी तुझी डबी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. म्हणाल्या, "चांगलं झालं ताई तुमचं." त्या खरंच तसं म्हणत होत्या. म्हणूनच तुला ते सोसलं नाही.

कॅप्सूलने काय केलं ते मी पाहिलं आहे. तिसऱ्या आठवड्यात तुझा खोकला गेला. आधी कमी झाला, मग एके दिवशी लक्षात आलं की आज आलाच नाही. तू उठून शेतात गेलीस. मी दारात उभी राहून तुझी पाठ पाहत होते. त्या दिवशी कार्डावर त्रासाच्या ओळीत मी 'डोळ्यांपुढे उजेडाच्या लहरी' असं लिहिलं. अंधारातून उजेडात आलं की तुला कडेकडेने उजेड हलताना दिसायचा. औषधाच्या माहितीपत्रकात तो त्रास लिहिलेला होता. निरुपद्रवी आहे, पुष्कळांना होतो, असं. तुला तर तो आवडायचाच. "फुकटची दिवाई," म्हणायचीस.

आणि रुक्माबाईंना गाडीत उलट्या व्हायच्या. केस गेले, डोक्याला रुमाल आला. आर्णीला गाडी चहाला थांबली की त्या खिडकीशी डोकं टेकून बसायच्या आणि तू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहायचीस.

चौथ्या फेरीला परतताना गाडी झाडांच्या सावलीतून एकदम उन्हात आली. रुक्माबाई डोळे चोळत मला म्हणाल्या, "काय वं माय, असं उजेड हलल्यावानी दिसते कडंनं. तुह्या आत्यालेही दिसते म्हणे."

सलाईनने तसं होत नाही. दोन्ही औषधांची पत्रकं मी वाचली होती. मी तुझ्याकडे पाहिलं, तू बाहेर बघत होतीस. इतकी मन लावून, की जणू आर्णीचा रस्ता तू पहिल्यांदाच पाहत होतीस.

संध्याकाळची कॅप्सूल तू मोरीपाशी घ्यायचीस. मी आत असायचे. "घेतली वं, कर खूण," असा तुझा आवाज यायचा आणि मी खूण करायचे.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्यामागे शेतात आले. तू ओटी बांधून कापूस वेचत होतीस. मी विचारलं, "किती दिवस?"

तू खोटं बोलली नाहीस. "दुसऱ्या डबीपासून. सकाळची मी खातो, सांजची तिची. गाडीत देतो पुडीत बांधून."

"आत्या, हे असं चालत नाही."

"काहून? मले बरं वाटून राह्यलं. तिले नाही. माह्यापाशी दोन आहे. तिच्यापाशी एकबी नाही. यात कोणतं गणित आहे इंग्रजीतलं?"

मग तू मला नांग्यांचं सांगितलंस, मला ते माहीत नाही असं समजून. सरकीची उगवण झाली की ओळीत जिथे जिथे बी उगवलेलं नसतं त्या नांग्या; तिथे पुन्हा बी टोबून ती जागा भरायची. स्वतःचं बी संपलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. शेजारी देतोच, कारण नांग्या राहिलेलं शेत कुणाचंही असो, जाता-येता डोळ्यांना खुपतं. "तिच्या वावरात नांग्या पडल्या," तू म्हणालीस, "माह्यापाशी बी होतं. मी भरल्या."

मला तुझा जुना प्लॉट आठवला. बाबा ती गोष्ट हसून हसून सांगतात. कृषी खात्याच्या साहेबांनी तुझ्या शेतात अर्ध्या एकरात नवं वाण आणि शेजारी अर्ध्या एकरात जुनं लावलं होतं. दोन्हींना सारखं खत, सारखं पाणी, पाहू कोणतं चांगलं येतं. जुनं पिवळं पडायला लागलं तर तुला बघवेना. तू साहेबांना न सांगता त्याला शेणखत घातलंस, वर दोन पाणी जास्त दिलंस. हंगामाच्या शेवटी दोन्ही सारखी. साहेब डोक्याला हात लावून बसले. "लेकरात कोणी दुजाभाव करते का?" हे तुझं उत्तर.

म्हणजे दोष माझा. तुझ्यासारख्या बाईला मी चाचणीत घातलं आणि 'निम्म्यांना हे, निम्म्यांना ते' एवढं सांगून माझं काम झालं समजले.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलले. म्हटलं, तुझ्या अंगात औषध अर्धं जातंय आणि कार्डावर पूर्ण लिहिलंय. रुक्माबाईंना बरं वाटलं तर श्रेय सलाईनला जाईल. उद्या जे लोक या आजाराने येतील त्यांना कोणतं औषध द्यायचं ते या कार्डांवरून ठरणार, आणि ही कार्डं मी खोटी भरलीत. तू ऐकत होतीस, बोटं बोंडांवरून चालतच होती. तेव्हा मी तुझंच शस्त्र काढलं. "फवारणीला माणसं आली की तूच ओरडतेस ना, औषध पातळ करून मारू नका, अळी मरत नाही, सरावते? मग हे काय आहे?"

तुझा हात थांबला.

"रुक्मा अळी नोहे," तू म्हणालीस.

"अळी तुझ्या छातीत आहे, आत्या."

तू ओटी सोडून कापूस गठ्ठ्यावर ओतलास आणि पुढच्या ओळीला गेलीस. आपलं भांडण तिथे थांबलं. संध्याकाळी मोरीपाशी पुन्हा आवाज आला, "घेतली वं, कर खूण." मी खूण केली नाही. तू ती पाहायला आलीही नाहीस.

पुढच्या तारखेला तुला स्कॅनला आत नेलं. मी मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि पाणी पिऊन परत आले. पुन्हा गेले, पुन्हा पाणी प्यायले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय झालं बेटा?" आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "माझं नाव सांगू नका." एवढं एक धैर्य केलं आणि लगेच ते अर्धं करून टाकलं.

डॉक्टरांनी तुम्हा दोघींना बोलावलं. ओरडले नाहीत, तुझं औषधही बंद केलं नाही. पण रुक्माबाईंचं नाव चाचणीत राहणार की नाही, पुढे कॅप्सूल मिळणार की नाही, हे चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने ठरवेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले. रुक्माबाईंनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. कसं कळलं म्हणून तू विचारलंस. मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोजणीत कळलं."

दोन महिने उत्तर आलं नाही. ते दोन महिने मी मोजले तसे कुणी मोजले नसतील. गाडीत रुक्माबाईंचा खोकला परत आलेला मी तुझ्याआधी ऐकला. त्यांना काही झालं असतं तर मी तुला हे पत्रही लिहू शकले नसते. आणि तू सगळा राग त्या मॅडमवर काढत होतीस. "ते चष्मेवाली! दाणे टिपणारी कोंबडी. मोजते म्हणे!" घरी, गाडीत, आर्णीच्या चहाला. मी मान खाली घालून ऐकायचे. मॅडम तुला दर वेळी "कशा आहात काकू" विचारायच्या आणि तू तोंड फिरवायचीस. माझ्या वाटचा तो राग मॅडम शेवटपर्यंत सहन करत राहिल्या.

मग उत्तर आलं. रुक्माबाईंची नोंद अभ्यासातून बाजूला ठेवली, पण स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसल्यावर त्यांना कॅप्सूल द्यायला हरकत घेतली नाही. त्यांची स्वतःची, पुरी, दोन वेळची. त्यांचे केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. तू त्यांना गाडीत चिडवायचीस, "पार्लरात गेलती का वं?"

तुझे आणखी तेरा महिने चांगले गेले. दोन वेचण्या झाल्या. मग आजार औषधाला सरावला, आणि मेंदूत गेला. मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं, त्या दीड महिन्याच्या अर्ध्या औषधाने हे झालं का. ते म्हणाले, "सांगता येणार नाही. पूर्ण औषध घेणाऱ्यांचंही कधी ना कधी असं होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि सांगता आलं असतं तरी ते घेऊन तू फिरू नकोस."

तुझं तेरावं झाल्यावर चार दिवसांनी रुक्माबाई आल्या. एकट्या, गाडीने. मी चहा ठेवला. त्या तुझ्या खाटेकडे पाहत बसल्या. मीच म्हटलं, मला तुम्हाला एक सांगायचंय. तेव्हा दवाखान्यात ते...

"तूच सांगतलं होतं. मले माहीत आहे न."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"ताईनं त्याच दिवशी सांगतलं गाडीत. तू पाण्याची बाटली भराले उतरली होती तवा. म्हणे, मोजणीत कसं कळन वं? डबी तं आपण रिकामीच वापस देत होतो." रुक्माबाई थोडं हसल्या. "मी म्हणलं, मंग रागवत काहून नाही तिले? तं म्हणे, नाही वं. पोरीनं जिंदगीत पहिल्यांदा परक्यापाशी जाऊन तोंड उघडलं. आता मी ओरडली तं पुन्हा बंद करून घेईन. त्यापरीस त्या मॅडमलेच शिव्या देतो, तिचं काय जाते?"

चहा उतू गेला. तो पुसायला मी आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

आत्या, जवळजवळ दीड वर्ष तू माझ्यासमोर खोटा राग केलास. चहाच्या कपावर, गाडीच्या खिडकीशी, इतका चांगला की मी एकदाही ओळखलं नाही. आणि मला वाटायचं की या घरात सगळं बघणारी मी आहे. त्या मॅडमना मी फोनवर हे सांगितलं. त्या हसल्या आणि मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, "मला वाटायचं, काकूंना मी आवडतच नाही."

तरीही तू चुकली होतीस असंच मी म्हणेन. नांग्या भरायचं बी आणि ते औषध एक नव्हे. रुक्माबाई समोर बसून चहा पीत होत्या, तेव्हासुद्धा मला तसंच वाटत होतं, आणि त्या समोर बसून चहा पीत आहेत याचा मला अतिशय आनंदही होत होता. या दोन गोष्टी एकत्र कशा मांडायच्या ते मला येत नाही. तुला आलं असतं, एका वाक्यात, आणि ते वाक्य ऐकून बाबा हसले असते.

पण एक गोष्ट मी शेतात तुझ्यापासून लपवली. अभ्यासाचं, पुढच्या पेशंटांचं, कार्डाच्या खरेपणाचं जे बोलले ते सगळं बरोबर होतं. ते मी फॉर्ममध्ये वाचलं होतं. मात्र त्यासाठी मी मॅडमच्या टेबलापाशी गेले नव्हते. पुढच्या पेशंटांची मला त्या दिवशी काही पडली नव्हती. रुक्माबाईंचीही नव्हती, हे त्यांच्यासमोर मला बोलवलं नाही. दोन्ही कॅप्सूल तुझ्याच पोटात जाव्यात, सकाळचीही आणि संध्याकाळचीही, आणि तू राहावीस, एवढंच मला हवं होतं. दुजाभाव मी केला, आत्या. तो तुझ्यासाठी केला.